गेलेल्या बर्फाचा माग



रात्री शेतातून कोणी गेले, तर सकाळी ओल्या मातीत त्याची पावले उमटलेली दिसतात. माग काढणारा जाणता मनुष्य त्या पावलांवरून बरेच काही सांगतो. जाणारा कोणत्या दिशेने गेला, चालत गेला की धावत, मध्ये कोठे थांबला का, हे सारे त्याला कळते. पण समजा, गेलेली वस्तू बर्फ असेल तर? बर्फ वितळले की त्याचे पाणी होते आणि पाणी समुद्राला मिळते. मग हजारो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या बर्फाचा माग काढायचा कसा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. आज नॉर्वे, स्वीडन व फिनलंड हे देश जंगलांचे आणि सरोवरांचे देश म्हणून ओळखले जातात. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी मात्र हा सारा प्रदेश एका अखंड हिमस्तराखाली गाडलेला होता. मध्यभागी त्याची जाडी तीन किलोमीटरांच्या आसपास असावी. आपल्या कळसूबाईच्या शिखरावर दुसरे कळसूबाई ठेवले, तर जी उंची होईल तिच्याहून ही जाडी थोडीशीच कमी. त्याचा दक्षिणेकडील काठ जेथे आज बर्लिन शहर आहे त्याच्याही पलीकडे पोहोचला होता. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी हा हिमस्तर जवळजवळ नाहीसा झाला.

तो जाताना पाहून नोंद ठेवणारा कोणी नव्हता. तरीही अमुक गावावरचे बर्फ केव्हा गेले आणि पुढच्या गावावरचे त्यानंतर किती वर्षांनी गेले, हे शास्त्रज्ञ आज सांगू शकतात. ते कसे, हे या लेखात पाहू.

मागे हटणे म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘बर्फ मागे हटले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बर्फ उलट पावली चालत गेले असे नव्हे. हिमस्तरातील बर्फ स्वतःच्या वजनाने मध्याकडून काठाकडे सतत सरकत असते. काठावर ते वितळते किंवा तुटून पाण्यात पडते. मागून येणारे बर्फ ही जमा आणि काठावर नष्ट होणारे बर्फ हा खर्च. जमा व खर्च सारखे असले, तर काठ जागच्या जागी राहतो. खर्च वाढला की काठ मागे सरतो. पण त्याही वेळी आतले बर्फ पुढेच सरकत असते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढच्या साऱ्या खुणा तिच्यामुळेच उलगडतात.

खडकांवरील चरे

सरकणाऱ्या बर्फाच्या तळाशी दगडगोटे व वाळू घट्ट धरलेली असते. पॉलिशकागद लाकडावर घासावा, तसे हे बर्फ खालच्या खडकावर घासले जाते. खडक गुळगुळीत होतो आणि त्यावर एकमेकांना समांतर असे चरे उमटतात. चऱ्यांवरून बर्फाच्या प्रवाहाची दिशा कळते.

१८७५ साली स्वीडनचे भूवैज्ञानिक ओटो टोरेल यांनी बर्लिनजवळच्या रूडर्सडॉर्फ येथील चुनखडकावर असे चरे पाहिले. उत्तर जर्मनीच्या सपाट मैदानात ठिकठिकाणी स्कँडिनेव्हियातील ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे पडलेले आहेत. समुद्रावर तरंगत आलेल्या हिमनगांनी ते तेथे आणून टाकले, असे तोवर बहुतेक शास्त्रज्ञ मानीत. पण तरंगता हिमनग विस्तीर्ण खडकावर एका दिशेने असे चरे कसे ओढणार? बर्फ जमिनीवरूनच सरकत तेथवर आले होते, असे टोरेल यांनी प्रतिपादन केले. पुढे ते सर्वमान्य झाले.

गंमत अशी, की त्याच १८७५ साली आपल्या चंद्रपूरजवळील इरई येथील चुनखडकावर असेच चरे असल्याची हकिकत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी प्रसिद्ध केली. मात्र विदर्भातील ते बर्फ फार जुने, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहे. तेव्हा भारतभूमी दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होती. स्थळे वेगळी, काळ वेगळा, पण बर्फाचे हस्ताक्षर एकच!

थांब्यांच्या खुणा

चऱ्यांवरून दिशा कळली. पण काठ मागे सरताना कोठे थांबला, हे कसे कळणार? त्यासाठी दुसरी खूण आहे. बर्फ आपल्याबरोबर माती, वाळू व दगड यांचा मोठा भार वाहून आणते आणि काठावर टाकते. काठ वेगाने मागे सरत असेल, तर हा भार पातळ पसरतो. पण काठ एकाच जागी शंभर-दोनशे वर्षे थांबला, तर आतून भार येतच राहतो आणि त्याची लांबच लांब टेकडी तयार होते. हिला ‘हिमोढ’ म्हणतात.

फिनलंडच्या दक्षिण भागात साल्पाउस्सेल्का नावाच्या अशा टेकड्यांच्या रांगा शेकडो किलोमीटर पसरलेल्या आहेत. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी हवामान पुन्हा अतिशय थंड झाले होते. त्या काळात बर्फाची माघार थांबली आणि या रांगा उभ्या राहिल्या. म्हणजे हिमस्तर एकसारख्या गतीने गेला नाही. तो थांबत, पुन्हा निघत गेला.

चिखलाचे पंचांग

आता खरा कठीण प्रश्न येतो तो वर्षांचा. तो सोडवला गेरार्ड डे गेर या स्वीडिश भूवैज्ञानिकांनी, आणि तोही चिखलाच्या साहाय्याने.

स्वीडनमध्ये जमीन खणली, की पुष्कळ ठिकाणी एक चमत्कारिक माती लागते. तिच्यात फिकट व गडद असे पातळ पट्टे एकाआड एक असतात. १८७८ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, डे गेर यांचे लक्ष या पट्ट्यांकडे गेले. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षाची कडी असतात, तशीच ही वर्षाची नोंद असावी, असे त्यांना वाटले. फिकट आणि गडद मिळून होणाऱ्या या जोडथराला ‘व्हार्व’ म्हणतात. ‘थर’ किंवा ‘फेरा’ अशा अर्थाचा हा स्वीडिश शब्द आहे.

असे पट्टे का पडतात? येथे आपले भौतिकशास्त्र मदतीला येते. हिमस्तराचा काठ त्या वेळी पाण्यात उभा होता. उन्हाळ्यात बर्फ वितळे आणि गढूळ पाण्याचे लोंढे भरड व बारीक गाळ घेऊन त्या पाण्यात शिरत. पाण्यात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्स यांचा नियम तुम्ही पुढे शिकाल. त्यावरून हिशेब करू. ०.०२ मिलिमीटर व्यासाचा कण थंडगार पाण्यात २० मीटर खोल जायला सुमारे एक दिवस घेतो. त्याच्या एक दशांश व्यासाचा, म्हणजे ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण मात्र शंभर पट वेळ घेतो. एवढेच अंतर उतरायला त्याला सुमारे साडेतीन महिने लागतात! म्हणून भरड, फिकट गाळ उन्हाळ्यातच तळाला बसतो. अतिसूक्ष्म कण लोंबकळत राहतात. हिवाळ्यात लोंढे बंद पडतात, पाण्याचा पृष्ठभाग गोठतो, खाली सारे शांत होते आणि मग गडद चिकणमातीचा थर हळूहळू बसतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फिकट थर. एक जोडी म्हणजे एक वर्ष.

आता डे गेर यांच्या युक्तीचा गाभा पाहा. ज्या जागेवर बर्फ बसलेले आहे, तेथे गाळाचा थर बसू शकत नाही. म्हणजे कोणत्याही ठिकाणचा सर्वांत खालचा व्हार्व हा त्या ठिकाणाहून बर्फ हटले त्या वर्षाचा. आपण उत्तरेकडे जाऊ लागलो, की तेथील बर्फ उशिरा हटलेले असल्याने सर्वांत खालचा थर नंतरच्या वर्षाचा असला पाहिजे.

पण एका खड्ड्यातील कोणते वर्ष म्हणजे दुसऱ्या खड्ड्यातील कोणते, हे कसे जुळवायचे? आपल्याकडची गोष्ट घ्या. जुनी माणसे ‘बाहत्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी’ अशी आठवण सांगतात. दोन गावांतील पावसाच्या वह्यांवरील साल फाटून गेले, तरी १९७२ चा दुष्काळ दोन्हींत दिसेल आणि त्यावरून वह्या जुळवता येतील. स्वीडनमध्येही तसेच. ज्या वर्षी उन्हाळा कडक, त्या वर्षी गाळ जास्त आणि थर जाड. ज्या वर्षी उन्हाळा सौम्य, त्या वर्षी थर पातळ. जाड-पातळ थरांचा क्रम जवळपासच्या दोन खड्ड्यांत सारखा असतो. डे गेर थरांची जाडी कागदी पट्टीवर खुणा करून घेत आणि पट्ट्या एकमेकींशेजारी सरकवून जुळवीत.

उदाहरण म्हणून समजा, ‘अ’ या ठिकाणी एका ओळखीच्या जाड थराखाली ४० व्हार्व आहेत. त्याच्या उत्तरेस एक किलोमीटरवर ‘ब’ या ठिकाणी त्याच जाड थराखाली ३६ आहेत. याचा अर्थ ‘ब’ वरचे बर्फ ‘अ’ च्या नंतर ४ वर्षांनी हटले. म्हणजे माघारीचा वेग वर्षाला २५० मीटर. किती साधा हिशेब!

पण असे शेकडो खड्डे तपासायला माणसे हवीत. १९०५ च्या उन्हाळ्यात डे गेर यांनी स्टॉकहोम व उप्साला येथील विद्यापीठांतील विद्यार्थी हाताशी घेतले आणि सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यातील थरांची मोजणी करून घेतली. तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असलेली ही मुले चिखल खरवडून एकेक वर्ष मोजीत होती! स्टॉकहोमच्या परिसरात बर्फ वर्षाला सुमारे २०० ते ३०० मीटर मागे हटत होते, असे आढळले. १९१० साली स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत डे गेर यांनी गेल्या १२,००० वर्षांचे हे पंचांग जगापुढे मांडले. तोपर्यंत हिमयुग संपून किती काळ लोटला, हे केवळ अंदाजाने सांगितले जाई. किरणोत्सर्गी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे अवकाश होता.

बर्फ संपूर्ण गेल्यानंतरची वर्षे मोजायला वेगळे थर लागतात. त्या कामी डे गेर यांना एका अपघाताची मदत झाली. १७९६ साली रागुंडा सरोवराच्या तोंडाशी असलेला धबधबा टाळून लाकडाचे ओंडके वाहून नेता यावेत, म्हणून एक पाट खणण्यात आला. पाण्याने तो पाट इतका फाडला, की सारे सरोवर अवघ्या काही तासांत रिकामे झाले. तळाचा हजारो वर्षांचा गाळ उघडा पडला. शंभरावर वर्षांनी तेथेच डे गेर यांनी थर मोजले. त्यांचे सहकारी राग्नार लिडेन यांनी ओंगरमान नदीच्या खोऱ्यातील थर मोजून ही मालिका आजच्या काळाजवळ आणली.

ही गणती निर्दोष होती का? नाही. १९८० च्या दशकात इंगेमार काटो यांनी नदीमुखाजवळच्या तळाचा गाळ काढून तपासला, तेव्हा मालिकेच्या अलीकडच्या टोकाला ३६५ वर्षे कमी पडत असल्याचे दिसले. डे गेर यांनी स्वीडनचे थर अमेरिकेतील थरांशी जुळवण्याचाही प्रयत्न केला होता. तो टिकला नाही. कारण उघड आहे. कोल्हापूरच्या पावसाची वही काश्मीरच्या वहीशी जुळवून कसे चालेल? पण चूक सापडली, ती दुरुस्त झाली आणि मूळ पद्धत टिकून राहिली. विज्ञानात असेच चालते.

दुसरा साक्षीदार

न्यायालयात एका साक्षीवर निकाल देत नाहीत. येथेही तसेच आहे. अलीकडच्या काळात खडकालाच त्याचे वय विचारता येऊ लागले आहे.

अवकाशातून पृथ्वीवर विश्वकिरणांचा अखंड वर्षाव होत असतो. त्यांच्यामुळे निर्माण झालेले वेगवान कण खडकातील ऑक्सिजनच्या अणुगर्भांवर आदळून ते फोडतात आणि त्यातून बेरिलियम-१० हे किरणोत्सर्गी समस्थानिक तयार होते. समुद्रसपाटीला, उत्तरेकडील प्रदेशात, एक ग्रॅम गारगोटीत वर्षाला असे सुमारे ४ अणू तयार होतात. खडकावर बर्फाचा जाड थर असेल, तर हे कण खडकापर्यंत पोहोचतच नाहीत. बर्फ हटले, की घड्याळ सुरू होते. समजा, एका ग्रॅममध्ये ४०,००० अणू मिळाले, तर खडक सुमारे १०,००० वर्षे उघडा आहे. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे असल्याने एवढ्या काळात त्याची घट नगण्य असते.

एक ग्रॅममध्ये अब्जावधी अब्ज अणू असतात. त्यांतून हे ४०,००० मोजायचे, म्हणजे केवढे सूक्ष्म काम! त्यासाठी कणत्वरक वापरावा लागतो. आपल्याकडे दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात अशी सोय आहे. अर्थात काळजी घ्यावी लागते. धोंडा मध्येच उलटला असेल, किंवा बर्फाने त्याचा जुना पृष्ठभाग पुरेसा खरवडलाच नसेल, तर वय चुकते. म्हणून एकाच हिमोढावरील अनेक धोंडे तपासतात.

उचलणारी जमीन

तिसरा साक्षीदार म्हणजे खुद्द जमीन. गादीवर जड पेटी ठेवली, तर गादी दबते; पेटी उचलली, की हळूहळू वर येते. तीन किलोमीटर बर्फाच्या भाराने पृथ्वीचे कवच असेच दबले होते. खालचे प्रावरण अत्यंत दाट काकवीसारखे वागते, म्हणून बर्फ जाऊन हजारो वर्षे लोटली तरी जमीन अजून वर येत आहे.

आपल्या तापमापकामुळे ज्यांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे, त्या अँडर्स सेल्सिअस यांनी १७३१ साली स्वीडनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर, खडकावर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवली. ती खूण आज पाण्याच्या पातळीहून सुमारे दोन मीटर वर आहे. समुद्राचे पाणी कमी होत आहे, असे सेल्सिअस यांना वाटले होते. खरे पाहता जमीन वर येत होती.

स्वीडनमधील ‘उंच किनारा’ या भागात एके काळची काठरेषा आज समुद्रसपाटीपासून तब्बल २८६ मीटर उंचीवर आहे. तेथील काही टेकड्यांच्या माथ्यावर झाडांची टोपी असते आणि त्याखाली उघडा खडक. कारण त्या रेषेखालची माती लाटांनी धुऊन नेली. आज तेथील जमीन वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर वर येते. आता गणित करा. तेथून बर्फ हटून सुमारे १०,५०० वर्षे झाली. ८ मिलिमीटर गुणिले १०,५०० म्हणजे केवळ ८४ मीटर. मग २८६ मीटर कसे? याचा अर्थ एकच: सुरुवातीला जमीन पुष्कळ जलद उचलली गेली आणि तो वेग हळूहळू मंदावत गेला. कोठे किती उचल झाली, यावरून कोठे किती जाड बर्फ होते, याचाही अंदाज बांधता येतो.

हे सारे कशासाठी?

तुम्ही म्हणाल, गेलेले बर्फ गेले. त्याचा एवढा माग काढून काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो आपल्या दाराशी आहे.

हिमयुगाच्या ऐन भरात जगभरच्या हिमस्तरांत इतके पाणी अडकले होते, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, जेथे ‘बॉम्बे हाय’चे तेल काढतात, तेथे आज पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. म्हणजे त्या काळी तेथे कोरडी जमीन असणार! स्वीडनचे, त्याहून अधिक उत्तर अमेरिकेचे, बर्फ वितळले आणि कोकणचा किनारा आजच्या जागी आला.

आज दोनच मोठे हिमस्तर शिल्लक आहेत. ग्रीनलंडचा संपूर्ण वितळला, तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. अंटार्क्टिकाचा वितळला, तर सुमारे ५८ मीटर. दोन्हींचे वस्तुमान घटत असल्याचे उपग्रहांच्या मोजणीवरून सिद्ध झाले आहे. पण उपग्रहांचे निरीक्षण जेमतेम काही दशकांचे. बर्फ जास्तीत जास्त किती वेगाने हटू शकते, हे भूतकाळच सांगू शकतो.

२०२३ साली क्रिस्टीन बॅचेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेच्या समुद्रतळावरील ७,६०० हून अधिक लहान वरंब्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भरती-ओहोटीबरोबर बर्फाचा काठ किंचित वर-खाली होई आणि प्रत्येक ओहोटीला तळाचा गाळ दाबून एक वरंबा उठवी. दिवसाला दोन ओहोट्या, म्हणून दिवसाला दोन वरंबे. डे गेर यांनी वर्षे मोजली. येथे चक्क दिवस मोजता आले! दोन वरंब्यांमधील अंतरावरून माघारीचा वेग दिवसाला ५५ ते ६१० मीटर निघाला. उपग्रहांनी तोवर मोजलेल्या सर्वांत जलद माघारीच्या हा वीस पटीपर्यंत होता.

वर्षाला २५० मीटर कोठे आणि दिवसाला ६१० मीटर कोठे! हे कसे घडले? आर्किमिडीजचा सिद्धान्त आठवा. समुद्र ६०० मीटर खोल असेल, तर सुमारे ६७० मीटरांहून पातळ बर्फ तळावर टेकून राहू शकत नाही. ते तरंगू लागते. समुद्रतळ सपाट असेल आणि बर्फ या मर्यादेच्या जवळ आलेले असेल, तर थोडेसे पातळ होताच मोठा भाग एकदम तळ सोडतो. असे वेगवान टप्पे थोडे दिवस किंवा महिनेच टिकले. परंतु ते घडू शकतात, एवढे आता निश्चित कळले आहे. अंटार्क्टिकाच्या काठालाही काही ठिकाणी तळ असाच सपाट आहे. म्हणून पुढील शंभर वर्षांत समुद्र किती चढेल याचे गणित मांडणारे शास्त्रज्ञ आपले गणित आधी स्वीडन-नॉर्वेच्या जुन्या माघारीवर तपासून पाहतात. जे गणित घडून गेलेले सांगू शकत नाही, त्याच्यावर पुढचे सांगण्यासाठी कसा विश्वास ठेवावा?

करून पाहा

काचेच्या उंच बरणीत पाणी घ्या. त्यात नदीकाठची बारीक रेती आणि कुंभाराकडची चिकणमाती प्रत्येकी एक मूठ टाकून ढवळा आणि बरणी हलवू नका. रेती मिनिटभरात तळाला बसेल, पण वरचे पाणी गढूळच राहील. पाणी निवळले, की तेवढेच मिश्रण पुन्हा अलगद ओता. असे तीन-चार वेळा करा. पाणी निवळायला प्रत्येक वेळी किती तास लागले, ते वहीत लिहा. तळाशी तुमचे स्वतःचे व्हार्व तयार झालेले दिसतील. मग ती बरणी अशा मित्रापुढे ठेवा, ज्याला तुम्ही मिश्रण किती वेळा ओतले हे ठाऊक नाही. केवळ थर मोजून त्याला ते सांगता येते का, पाहा.